न्हाणीतल्या दगडातली पाल

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर एकाहत्तर आहे, पण ते कार्ड काढणाऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघून टाकलेलं वय आहे. खरं वय माझं मला माहीत.

आमचं गाव पाथर्डीपासून जीपनं पाऊण तास. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. असल्या दिवसांत गावात परकं माणूस आलं, की ते कशाला आलं हे आधी बघावं लागतं. माझा स्वभावच तसा आहे. आमची मंडळी म्हणते, "तुमी देवळात गेला तरी देवाला इचारताल, पाव्हनं कुठलं." विचारीन. त्यात वाईट काय?

मी जन्मभर दगडाचं काम केलं. जाती, पाटे, उखळं घडवली. घरोघर फिरून जात्यांना टाकी लावली. जातं झिजून गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही. मग छिन्नीनं बारीक बारीक ठोके मारून त्याला पुन्हा खरबरीत करायचं, त्याला टाकी लावणं म्हणतात. माझे वडील हेच करत. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली, पण दगडातलं मला विचारा. एक ठोका मारून आवाजावरून सांगतो, आत शीर आहे की नाही. शीर म्हणजे दगडातला दोष. रंगाची एखादी काडी, रेघ, गाठ. ती दिसली की आधी काढून टाकायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ठेवली तर दगड एक दिवस तिथंच फुटतो आणि नाव घडवणाऱ्याचं जातं.

घरापुढचा ओटा मी बांधलेला. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. तेव्हा त्याला पन्नास वर्षं होत आली होती आणि एक सांधा हलला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला मी म्हणायचो, सांध्यात सुरीचं पातं घालून दाखव. कुणाला जमलं नाही. शेजारी एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर राहतो, माझ्याच वयाचा. तो दर दिवाळीला नवी सुरी घेऊन यायचा आणि हात हलवत परत जायचा.

माघ सरत आला होता. दुपारी एक बाई स्कूटीवरून आली. चाळिशीची असेल, डोक्याला स्कार्फ, पाठीला पिशवी. नगरच्या कॉलेजात दगडमातीचा विषय शिकवते म्हणाली. गावोगावची जुनी जाती बघते, फोटो काढते.

"कुनासाठी?" मी विचारलं.

"अभ्यासासाठी, बाबा."

अभ्यास हा शब्द मला आवडत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात दोघं जण असेच अभ्यासाला आले होते. त्यांनीही आधी फोटोच काढले. मग म्हणाले, दोन तोंडांचं मांडूळ कुठं घावतं का. ज्यानं साप धरून दिला तो कोर्टाच्या तारखा करत बसला आणि अभ्यासवाले कुठं गेले ते आजवर कुणाला कळलं नाही.

तरी घरी आलेलं माणूस. मंडळीनं चहा टाकला. बाईनं आमचं जातं उचलून, उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या टाकीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात फार सफाईदार आहे तुमचा." मी ओळखलं, आता काहीतरी मागणार. पण तिनं एवढंच विचारलं, हात कुठे धुऊ. मंडळीनं न्हाणी दाखवली.

आतून तांब्याचा आवाज आला. मग बंद झाला. मग बाई बाहेरच येईना. मी आणि कंडक्टर ओट्यावर बसलेलो. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, घंगाळ मोजून ठिवलं हुतंस का?"

मी उठून गेलो. बाई उकिडवी बसलेली. घंगाळ बाजूला सरकवलेलं आणि मोबाईलची बॅटरी लावून ती न्हाणीच्या दगडाला नाक लावून बघत होती.

"बाई," मी म्हणालो, "घंगाळ पितळी हाय, पन गळतंय."

तिनं ऐकलंच नाही. "बाबा, हा दगड कुठला?"

"आमच्या डोंगरातला. माझ्या वडलांनी काढला."

"नक्की?"

ह्या एका शब्दावर मी तिला बाहेर काढणार होतो. दगडाच्या बाबतीत मला नक्की का म्हणून विचारणारं माणूस त्या घरात त्या दिवसापर्यंत आलेलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर त्या दगडाचा मला स्वतःलाच पहिल्यापासून संशय होता. अंघोळीला बसायचा चौकोनी दगड, वीतभर जाड, रंगानं पिवळट पांढरा, शिळ्या लोण्यासारखा. आमचा डोंगर सगळा काळा. छिन्नी मारली की काळा दगड ठिणगी टाकतो. हा टाकत नसे, छिन्नी खोबऱ्यात गेल्यासारखी जायची. लहानपणी मी वडलांना विचारलं होतं, हा असा कसा? ते म्हणाले, "डोंगराच्या पोटातला हाय." मी तेच पुढं साठ वर्षं सांगत आलो.

बाई म्हणाली, "लिंबू आहे का घरात?"

मंडळी दारात उभी होती, ती दोन पावलं मागं सरली. परकी बाई घरात येऊन लिंबू मागते म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, "हळदकुंकू बी आनू का? आन काळी बाहुली?"

बाई हसली. "नाही हो बाबा. दगडाला चाटवायचंय फक्त."

माझ्यासमोर कापायचं, फोडी माझ्यासमोर ठेवायच्या, एवढं कबूल करून घेतलं आणि लिंबू दिलं. तिनं दगडाच्या कडेवर पिळलं. बारीक बुडबुडे आले, सोड्यासारखे. मग जात्यावर पिळलं. काही नाही. काळा दगड नुसता ओला झाला.

"हा चुन्याचा दगड आहे," बाई म्हणाली. "तुमचा डोंगर आगीतून आलेला. त्यात हा निघणार नाही. आणि हे जे आहे ना," तिनं घंगाळाखालच्या जागेवर बोट ठेवलं, "हे तर मुळीच निघणार नाही."

तिथं काय होतं ते आम्हाला पन्नास वर्षं माहीत होतं. तपकिरी रंगाची एक लांब काडी, ज्वारीच्या धाटासारखी, मधे मधे पेरं असलेली. तिच्या बुडाशी दोन-चार बारीक काड्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मंडळीनं ती पहिल्यांदा बघितली आणि ओरडत बाहेर आली होती, दगडात पाल हाय म्हणून. मी तेव्हा तिला हसलो होतो. शीर हाय ती येडे, दगडातलं तुला काय कळतं. तरी ती त्या बाजूला कधी पाय ठेवत नसे. माझ्या पोरांना अंघोळ घालतानाही म्हणायची, पालीकडं सरकू नका.

"ह्याला काय म्हणता तुम्ही?" बाईनं विचारलं.

"शीर," मी म्हणालो.

"पाल," मंडळी दारातून म्हणाली.

बाई तिच्याकडं वळली. "आजी, तुम्ही जवळ आहात."

मंडळीनं माझ्याकडं पाहिलं ते मी बघितलं नाही असं केलं.

मग बाईनं मोबाईलवर चित्र दाखवलं. मूठभर जनावर. अंगापेक्षा पंख मोठे, पसरले तर हातभर. तोंड बेडकासारखं रुंद, डोळे वाटाण्यासारखे, शेपूट नावाला. पालीसरड्यांच्या लांबच्या गोतातलं, पण उडणारं. हवेतल्या हवेत किडे गिळायचं. नाव अनुरोग्नाथस. मी तिला तीनदा म्हणायला लावलं. खोटं नाव माणूस तिसऱ्यांदा वेगळं सांगतो. तिनं तिन्ही वेळा तेच सांगितलं. शेपूट नसल्यासारखा जबडा, असा काहीतरी त्याचा अर्थ.

"आता कुठं असतंय हे?"

"कुठेच नाही. पंधरा कोटी वर्षं झाली."

"मोजली कुनी?"

"तुम्ही ठोका ऐकून आतली शीर सांगता. ती काय आधी दिसते तुम्हाला?"

"ते येगळं."

"थोडंसंच वेगळं आहे, बाबा."

मी म्हणालो, "हे बघा बाई. जन्मात मी हजारांनी दगड फोडले. एकात बी हाड घावलं न्हाई."

"म्हणूनच म्हणते ना, हा दगड इकडचा नाही," ती म्हणाली, आणि माझंच वाक्य माझ्या गळ्यात पडलं.

तिचं म्हणणं असं. हा दगड जर्मनीतला. तिकडं पूर्वी उथळ खाडीच्या तळाशी लोण्यासारखा गाळ बसायचा. मेलेलं पाखरू, किडा, मासा त्यात पडला की जसाच्या तसा झाकला जायचा. पुढं त्या गाळाचा दगड झाला. तो इतका मऊ, एकसारखा, की छापखान्यात वापरायचे. दगडावर उलटं लिहायचं, वर शाई फिरवायची, कागद दाबायचा. शिळाप्रेस म्हणायचे. तसले दगड बोटीनं आपल्याकडंही आले होते. प्रेस बंद पडल्यावर कुणी पायरीला लावले, कुणी धुण्याला नेले.

मंडळी म्हणाली, "जर्मनचं पातेलं ऐकलं हुतं बया. जर्मनचा दगड?"

कंडक्टर हे सगळं ऐकायला आत आला होताच. तो म्हणाला, "मिस्त्री, तुजा बाप मुंबईच्या पुढं गेला न्हाई. जर्मनीचं तिकीट कुनी फाडलं?"

"छापखान्याचा दगड असला तर खालच्या बाजूला खूण असेल," बाई म्हणाली. "उचलून बघायचा का?"

मी नको म्हणणार होतो. तोच मला एक गोष्ट आठवली, आणि ती खोटी ठरावी म्हणून मी पहार आणली.

मी लहान असताना तो दगड उलटा होता. आता खाली असलेली गुळगुळीत बाजू तेव्हा वर होती. अंघोळीला बसलो आणि दगड भिजला की त्यावर अंधुक अक्षरं दिसायची. मी तेव्हा शाळेत जात होतो. रोज सकाळी ती अक्षरं लावून बघायचो. एकही लागायचं नाही. शाळेत पाटीवरचं वाचता यायचं, पण घरचं, आपल्या न्हाणीतलं वाचता येत नाही म्हणजे आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे, असं माझ्या मनानं घेतलं. वडलांना विचारलं तर म्हणाले, ते देवाचं लिहिणं आहे, माणसाला वाचता येत नाही. मला वाटलं, माझी समजूत काढतात. पुढच्या वर्षी मी शाळेत गेलो नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मंडळीलाही नाही.

दगड उचलून उभा केला, माती खरवडली, तांब्याभर पाणी मारलं. अक्षरं आली. पन्नास वर्षं मातीत पालथी पडून पार फिकट झालेली, पण आली. बाईनं माझा दाढीचा आरसा मागितला आणि समोर धरला. मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "वाचा बाबा."

आरशात अक्षरं सुलटी झाली होती. मी चष्मा लावला. एक एक करत वाचलं. शुद्ध. सुवासिक. तपकीर.

कंडक्टर इतका हसला की त्याला ठसका लागला. "देवाला तपकिरीचा नाद!" मलाही हसू यायला हवं होतं. मी आरसा घेतला आणि जागेवर नेऊन टांगला.

म्हणजे दगड डोंगरातला नव्हे. वडलांनी कुठल्या तरी बंद पडलेल्या प्रेसमधून आणलेला, फरशीबिरशीच्या कामाला गेले असतील तेव्हा. पोरगं रोज उठून विचारतं म्हणून त्याला काहीतरी सांगितलं आणि पोरानं ते जन्मभर धरून ठेवलं. तेव्हापासून मी बाईला उलटं विचारायचं थोडं कमी केलं. संशय कमी झाला असं नाही. विचारायचं कमी केलं.

दगड तसाच भिंतीला टेकवून ठेवला. बाईनं त्या लांब काडीची पेरं मोजायला मला बोलावलं. चार भरली. "माणसाच्या बोटाला पेरं तीन," ती म्हणाली. "ह्याच्या ह्या एका बोटाला चार. सगळा पंख ह्या एकाच बोटावर ताणलेला असायचा." मी विहिरींची बांधकामं केली आहेत, वटवाघळं जवळून पाहिली आहेत. त्यांच्या पंखात बोटं पसरलेली असतात, छत्रीच्या काड्यांसारखी. हे तसं नव्हतं. हे एकच होतं आणि बुडाशी तीन आखूड बोटं, नख्यांसकट. मला ते नख्यांसकट दिसलं आणि शीर म्हणायला माझी जीभ उचलेना. शिरेला नख्या नसतात.

"पण डोकं नाही," बाई म्हणाली. "हे बघा, मान इथपर्यंत येते आणि पुढे टाकीचे ठोके. कुणीतरी डोकं काढलंय."



"डोकं नसलं तर काय बिघडतंय?" मी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. ह्याच खाणीत दुसरेही असेच लहान उडणारे सापडतात. त्यांची चोच लांब असते, ते पुष्कळ आहेत. हा बेडूकतोंड्या मात्र फार थोडा सापडलाय. रुंद तोंड की लांब चोच, त्यावर सगळं. पंखावरून मला वाटतं तो हाच. पण नुसतं मला वाटून काय उपयोग?" मग तिनं सरळ विचारलं, "कुणी काढलं हे, बाबा?"

मी म्हणालो, "वडलांनी."

का म्हणालो? बाई समोर, कंडक्टर बाजूला, मंडळी दारात. हजारांनी दगड फोडल्याचं नुकतंच सांगून झालं होतं. तोंडातून निघून गेलं.

"असू दे," बाई म्हणाली. "त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत असणार? पण ती कपची कुठे टाकली असेल, काही आठवतं का? रुपयाएवढी असली तरी चालेल."

"पन्नास वर्सांमागची कपची कुनाला आठवती, बाई?"

आठ दिवसांनी कॉलेजातल्या मोठ्या सरांना घेऊन येते, तोपर्यंत दगडावर पाणी घालू नका, एवढं सांगून ती गेली. मी दगडावर पोतं टाकलं आणि पोत्यापुढं शेळी बांधली. आमची शेळी परक्याला मारते.

मंडळी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी ताटात टाकताना म्हणाली, "मामंजींवर ढकललंत."

"मग काय करू? त्या बाईपुढं..."

"अवं, मी हुते तिथं. पानी मीच आनून देत हुते तुमाला. मी म्हनले, पालीला मारू नका. तुमी म्हनला, शीर हाय. मामंजी तर घरात बी नव्हते."

खरं होतं ते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आई न्हाणीत घसरली. दगड फार गुळगुळीत म्हणून मी तो उलटा केला, आणि खरखरीत बाजूलाही टाकी लावायला बसलो, पाय धरावा म्हणून. पायाकडच्या बाजूला मधोमध ती तपकिरी गाठ. आधी शीर काढ, मग टाकी लाव, हे हाताला पाठ. एका ठोक्यात कपची उडाली, डबीचं झाकण निघावं तशी अख्खी. पुढं ठोके मारत मी घंगाळाच्या जागेपर्यंत आलो आणि वडील आले. म्हणाले, "घंगाळाखाली कशाला टाकी? तिथं पाय कुठं येतो? बास कर." त्यांच्यामुळं पंख राहिला. आणि मी सांगितलं, डोकं त्यांनी फोडलं.

"आता सांगून काय हुनार?" मी म्हणालो.

"व्हायचं काय? तुमची जीभ झिजंल," मंडळी म्हणाली, आणि पुन्हा बोलायची बंद झाली.

सातव्या दिवशी संध्याकाळी पारावर गेलो. कंडक्टर बसलेला, आणखी चार म्हातारे बसलेले. मला बघून बोलणं थांबलं नाही, उलट वाढलं. कंडक्टरनं आठ दिवसांत ही गोष्ट चांगली घोळवलेली दिसली.

"...आन मिस्त्रीच्या बापानं त्याचं मुंडकंच उडवलं! जगात दोन-चारच हायती म्हनं तसली. एक आपल्या गावात आलतं, तर ह्यांनी शीर म्हनून फोडलं."

"म्हंजी त्याला हाड आन शीर वळखू येत नव्हती," दुसरा एक म्हणाला. "आन आमच्या आज्यानं देवळाची पायरी त्याच्याकडून घडवून घेतली. तरीच तडकली ती."

पायरी तडकली ती तिच्यावरून ट्रॅक्टर गेला म्हणून. साऱ्या गावाला माहीत आहे. मी म्हणालो, "माझ्या बापाच्या हाताला नाव ठिवायचं काम न्हाई."

"आमी कुठं ठिवतोय?" कंडक्टर म्हणाला. "तूच सांगितलंस, वडलांनी काढलं. मी तिथंच हुतो की."

 मी उठलो. वडलांना जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांच्या पाटीत दुसरं काही नव्हतं, जमीन नाही, बैल नाही. दगडातलं कळतं, एवढं एक नाव होतं. ते मी आठ दिवसांत घालवलं होतं.

घरी येऊन ओट्यावर बसलो. अजून उजेड होता. न्हाणीच्या उघड्या दारातून दिसलं, शेळी पोत्याचा कोपरा खात होती. तिला हुसकायला उठलो आणि पोत्याखालून दगडाचा पांढरट कोपरा दिसला. तो रंग बघितला आणि मला आठवलं.

ओटा त्याच महिन्यात बांधला होता. माझं पहिलं बांधकाम, वडील नुसते बाजूला बसून बघायचे. आमच्या कामात कपची फेकत नाहीत. घडवताना पडलेल्या सगळ्या कपच्या पाटीत गोळा करायच्या; बांधताना दगड डुलायला लागला की त्याच्याखाली जोगती कपची शोधून ठोकायची. अगदी खालच्या थरात, डाव्या कोपऱ्यापासून तिसरा दगड डुलत होता. चार कपच्या लावून बघितल्या. बसेना. मग पाटीतून ती पांढरी घेतली. पातळ, कडा सरळ. हातात धरल्यावर तिच्यावरची गाठ दिसली. चपटी, रुंद, बेडकाच्या तोंडासारखी, आणि दोन मोठे खळगे. तेवढ्यापुरतं चमत्कारिक वाटलं. तरी दगडाखाली सारली. वडील उठले, दगडावर पाय देऊन हलवून बघितला आणि म्हणाले, "बसला." त्यांनी मला चांगलं म्हटलेलं मला तेवढं एकदाच आठवतं.

म्हणजे तोंड रुंद होतं. ते मी बघितलं होतं. साऱ्या जगात ते बघितलेला मी एकटाच. पण दुसऱ्या दिवशी बाईला हे सांगितलं असतं तर तिनं का ऐकावं? एकदा तिच्यापुढं खोटं बोललेलो. आणि मी स्वतः बिनपुराव्याचं कुणाचं आजवर ऐकलेलं नाही.

मंडळी चहा घेऊन आली. मी तिला म्हणालो, "कपची कुठं हाय ते मला ठावं हाय."

"कुठं?"

मी बसलो होतो त्या दगडावर हात आपटला.

तिनं ओट्याकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग विचारलं, "किती खाली?"

"पार तळाला."

 ती माझ्याजवळ बसून माझ्या बशीतला अर्धा चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी पहार, सुतकीचा हातोडा आणि छिन्नी काढली. गेरू कालवून डाव्या कोपऱ्याच्या दगडांवर खुणा केल्या, कुठला दगड कुठं होता ते परत लावताना चुकू नये म्हणून. बाई आल्यावर तिच्या हातात काय देतो तेही मोजूनच देणार होतो. तिच्यावर माझा अजून पुरता विश्वास नव्हता, आणि तिच्या मोठ्या सरांना तर मी बघितलंही नव्हतं.

कंडक्टर तोंडात कडुलिंबाची काडी घेऊन बाहेर आला. गेरू बघून थांबला.

"काय रं मिस्त्री? सुरी शिरत न्हाई म्हनून पहार काढली व्हय?"

"ती शीर म्यां काढली हुती," मी म्हणालो. समोरच्या आळीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. "बापानं न्हाई. म्यां. पंख राह्यला तो बापामुळं राह्यला. जा, पारावर सांग."

त्यानं तोंडातली काडी काढली. "आन हे काय चाललंय?"

"मुंडकं काढतोय."

तो बघत राहिला. मग काडी टाकून, धोतर खोचून माझ्या बाजूला आला. मी त्याला हात लावू दिला नाही. मंडळीनं घमेलं आणून ठेवलं, त्यात जुन्या लुगड्याची घडी अंथरलेली. मी वरच्या थरातल्या पहिल्या सांध्यात छिन्नी धरली, सुतकीनं तीन ठोके दिले, फट पडली तशी पहार घातली आणि सगळा भार टाकला. आधी काहीच झालं नाही. मग आतून मूठभर माती सांडली आणि दगड सरकला.

"दमानं घ्या," मंडळी म्हणाली. "पाल हाय ती."